उमटलेली बोटं

फाल्गुनात साखऱ्याच्या शिवारात हळद शिजायला लागली की त्या वाफेचा जड, मातकट वास ओल्या गोधडीसारखा गावावर पसरतो, आणि त्या वासाबरोबर माझ्या कानात आधी जागा होतो तो रुक्मीच्या हाताचा आवाज. ती भाकरी थापायची. तशा सगळ्याच बायका थापतात, पण रुक्मीची भाकरी आळीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. परातीत तिचा तळहात असा कोसळायचा की त्या पिठाने तिचा फार जुना अपराध केला असावा आणि शिक्षा भोगल्याशिवाय त्याची सुटका नसावी. चुलीचा जाळ, पत्र्याच्या फटीतून उतरलेली कोवळ्या उन्हाची पट्टी, तिच्यात तरंगणारे पिठाचे कण, हळदीने मनगटापर्यंत पिवळे झालेले हात, आणि त्या सगळ्यावर घण पडावा तसा तो रागीट ताल. आळीतले लोक अंथरुणातच म्हणायचे, ज्ञानोबाची बायको उठली.

रुक्मी माझी भाची, थोरल्या बहिणीची धाकटी लेक. शाळेच्या सगळ्या वर्षांत ती हिंगोलीला माझ्याकडेच होती, त्यामुळे या हाताचा पूर्वेतिहास मला तोंडपाठ आहे. मी कचेरीतून दमून आले की ती माझं डोकं दाबायची, आणि ते दाबणं असं असायचं की डोकेदुखी बापडी भीतीनेच निघून जाई. आमचा जुना टीव्ही तिच्याशिवाय कुणाला भीत नसे. तिने पाठीत एक चापट दिली की मुकाट्याने बोलू लागे. अडकलेलं दार, तापट गाय, वर्गातला आगाऊ मुलगा, या सर्वांशी तिचा संवाद हातानेच व्हायचा. शब्द तिला सुचत नसत असं नव्हे, पण शब्द ओठांपर्यंत येईतो हात पुढे गेलेला असायचा. तिला माया करायची असली तरी तीही जरा लागायचीच. मला या मुलीचा राग यायचा आणि तिच्यावाचून करमायचंही नाही.

साखऱ्याला तिला दिली तो ज्ञानोबा मात्र बैलाशीसुद्धा अदबीने बोलणारा माणूस. दोघांचं कसं जमेल या चिंतेत मी लग्नात पोटभर जेवले नव्हते. पण जमलं. तिचा आवाज आणि त्याचं मौन यांचा संसार छान उभा राहिला, आणि दुसऱ्या पावसाळ्यात आरोही झाली. घरातली आरू. काळीभोर, टपोरी, आईसारखीच मुठी वळून झोपणारी. दूध पिताना ती पोर आईच्या छातीवर अशा काही थापडा मारायची की सासूबाई पदराआड हसत म्हणायच्या, "आयचंच बियाणं हाय हे."

मग ती वर्षभराची होऊन चालायला लागली त्या भाद्रपदात गावात गोवर निघाला.

आरूची लस घ्यायची राहून गेली होती. सुईच्या दिवशी शेतात निंदणी होती, पुढच्या वेळी पोरीला सर्दी होती, आणि त्यानंतर कुणाच्या लक्षात राहिलं नाही. घराघरात राहतं तसंच राहिलं. गोवर निघाल्यावर मात्र घराने सगळं नेमाने पाळलं. दारात कडुलिंबाचा डहाळा लागला, चुलीवरची फोडणी बंद झाली, तेलातुपाचा वास घरात येऊ नये म्हणून शेजारणीलाही ताकीद गेली. आरूला भाताचं पाणी, तेवढंच. अंगात देवी आहे, तिला जड अन्न चालत नाही, असं सासूबाईंनी सांगितलं, आणि त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं होतं. पुरळ मावळलं तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. देवी आली, राहिली आणि गेली.

पण ती गेली नव्हती. मला आजही या आजाराचा संताप येतो तो यासाठी की तो चोरासारखा आला नाही, घरच्यासारखा राहिला. त्याने आधी लेकराची भूक मारली. भूक मेलेल्या अंगात झुंजायला काही उरलं नाही, तसे जुलाब सुरू झाले. जुलाबांनी होतं नव्हतं ते ओढून नेलं, तसा छातीत कफ साचला, आणि कफाने उरलीसुरली भूकही गिळली. आजार आणि उपास हे दोघे वेगळे गुन्हेगार नव्हतेच. एकाने हात धरायचे आणि दुसऱ्याने मारायचं, असा त्यांचा धंदा चालला होता, आणि मधे सव्वा वर्षाची पोर होती. नवरात्रात मी गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या ओठावर बसलेली माशी तिने हाकलली नाही.

त्या दिवसांत रुक्मी तिला भरवायची ते मी पाहिलं आहे. त्याला भरवणं म्हणवत नाही. पोरीला मांडीवर आडवी घ्यायची, दोन्ही पाय आपल्या डाव्या हाताने दाबून धरायचे, नाक चिमटीत धरायचं, आणि श्वासासाठी तोंड उघडलं की भाकरीचा कुस्करा आत लोटायचा. पोर गुदमरायची, ओकायची. रुक्मी तेच पुन्हा गोळा करून लोटायची. डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून शिव्या एकाच वेळी वाहायच्या. "खाय. मरतीस का? खाय म्हणलं ना." त्या झटापटीत एका बाजूला जीव वाचवायची धडपड होती आणि दुसऱ्या बाजूलाही तीच होती, आणि मला कुणाची बाजू घ्यावी कळेना. मी म्हटलं, "रुक्मे, दवाखान्यात दाखव गं." ती म्हणाली, "तीनदा दाखवलं मावशे. बाटली देतेत. बाटली बी वकती ती."

सासूबाईंनी मग गावच्या देवीला नवस बोलला. लेकराला बाळसं धरू दे, लेकराच्या भारंभार गूळ वाटीन.

आणि दिवाळीनंतर आरूने बाळसं धरलं.

काय सांगावं त्या आनंदाचं! सुकलेले गाल गुबगुबीत झाले. पावलं अशी भरली की पैंजण रुतायला लागले. डोळ्यांवर गोड सूज, बोटं तुकतुकीत. केस तेवढे विरळ आणि भुरके झाले होते, पण भुऱ्या केसांची पोर गोरी निघते असं आळीने ठरवून टाकलं. पोर खात नव्हती, खेळत नव्हती, उचलली की किरकिरायची आणि ठेवली की ठेवली तिथेच बसायची. तरी अंग भरत होतं, आणि अंग भरलेलं दिसत असताना नसत्या शंका कोण काढणार? माघी पौर्णिमेला देवळाच्या आवारात हळदीच्या व्यापाऱ्याकडचा मोठा तराजू टांगला. एका पारड्यात नवं झबलं घातलेली, कपाळावर कुंकवाचा मळवट भरलेली आरू, आणि दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. हलगी कडाडत होती, उन्हात गुळावर माश्या आणि पोरं सारखीच जमली होती, आणि ढेपा कमी पडल्या म्हणून ज्ञानोबा दुकानाकडे धावला. एवढ्या गलक्यात आरू पारड्यात मातीच्या मूर्तीसारखी निश्चल बसली होती. लोक म्हणाले, काय शहाणं लेकरू आहे. गूळ सगळ्या गावाला पुरला.

पुढे फाल्गुन लागला. हळदीच्या खळ्यावर रात्रंदिवस कढई पेटलेली, हळकुंडं घासणारा पॉलिशचा ड्रम गडगडत फिरतोय, हवेत पिवळी धूळ आणि माणसं भुतासारखी पिवळी. त्या ड्रमजवळ बोललेलं ऐकू येत नाही. भर दुपारी रुक्मी पोत्यावर बसून आरूला भरवत होती, नेहमीच्याच रीतीने, पाय दाबून, नाक धरून. घास बाहेर आला. पुन्हा बाहेर आला. मग रुक्मीचा तोल गेला आणि तिने पोरीच्या पाठीत धपाटा घातला. चांगला बसेल असा. पोर रडली नाही. तिने नुसतं तोंड उघडलं आणि मिटलं, आणि ड्रमच्या गडगडाटात रुक्मीला वाटलं की आवाज आला असेल, आपल्यालाच ऐकू आला नाही. तिने ज्ञानोबाला हाक मारून ड्रम बंद करायला लावला. सगळं खळं शांत झालं. पोर तरीही रडत नव्हती.

तेव्हा रुक्मीने पायावरचा आपला डावा हात उचलला. नडगीवर तिची चार बोटं उमटली होती. लाल नव्हती, निळी नव्हती. खोल होती. मळलेल्या पिठात रुततात तशी चार बोटं लेकराच्या पायात रुतली होती, आणि ती वर येत नव्हती.

हे सगळं मला तिने नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. त्या संध्याकाळी ती माझ्या दारात आली तेव्हा एकच गोष्ट बोलत होती. शेजारच्या गोरेगावपर्यंत कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर, तिथून जीपने हिंगोलीला. केसांत, भुवयांत, पापण्यांवर हळद, अंगावरची साडी कामाचीच, आणि पदरात गुंडाळलेली पोर. "मावशे, माझ्या हातानं पाय मोडला. माझ्या हातानं मेलं माझं लेकरू." मी पोरीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. गार असल्याचं मला क्षणभर बरं वाटलं, कारण ताप नाही म्हणजे आजार नाही एवढंच शास्त्र आपल्या हाताला ठाऊक असतं.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, कडक आणि नम्र. तिने आरूच्या छातीला नळी लावली आणि सांगितलं की दोन्ही बाजूंना न्यूमोनिया आहे. रुक्मी म्हणाली, "पर आंग तर थंड हाय बाई." डॉक्टर म्हणाली, "ताप आणायलाही अंगात ताकद लागते, ताई. ती उरलेली नाही." मग तिने स्वतःच्या अंगठ्याने आरूचं पाऊल दाबलं, सोडलं, आणि तिथे खळगा राहिला. "हे बाळसं नाही. सूज आहे. आत पाणी भरलंय. तुमच्या हाताने काही झालेलं नाही, कुणीही दाबलं तरी असंच उमटेल." रुक्मीने मान हलवली. पण त्या रात्रीपासून तिने डावा हात पदराखाली ठेवला, भाजलेला हात ठेवतात तसा, आणि सगळी कामं उजव्याने करू लागली.

वॉर्डातले ते दिवस पांढऱ्या, सपाट उजेडाचे होते. इंजेक्शनं, पोरीला छातीशी धरून ऊब देणं, आणि ठरावीक वेळाने वाटीतलं मोजकं दूध. इतकं थोडं की मलाही वाटायचं, हे काय मांजराच्या पिल्लाला पाजताय? सिस्टर समजावायची की उपाशी अंगावर एकदम अन्न लादलं तर काळीज बंद पडतं. रुक्मी ऐकायची. जिने सहा महिने घास कोंबले ती आता चमच्याने थेंब थेंब सोडत होती, आणि तिच्या हातात इतका सावकाशपणा मी कधी पाहिला नव्हता. रोज सकाळी ती आरूची नडगी अंगठ्याने दाबायची, सोडायची, आणि खळगा किती वेळ टिकतो ते श्वास धरून पाहायची. खळगे उथळ होत चालले. पण पाणी उतरलं तशी खरी आरू दिसायला लागली, आणि खरी आरू म्हणजे कातडीत गुंडाळलेली हाडं होती. वजन रोज कमी भरत होतं.

अशात एका दुपारी सासूबाई आणि ज्ञानोबा आले. हळदीचं काम उरकून, एसटीने, हातात तुपाने थबथबलेल्या शिऱ्याचा डबा. सासूबाई वाईट बाई नव्हत्या. नातीसाठी त्यांनी अनवाणी देऊळ गाठलं होतं. पण त्यांनी खाटेवर पाहिलं आणि त्यांच्या घशातून जो आवाज निघाला त्याने सगळ्या वॉर्डातली लेकरं दचकली. "विहीणबाई, हे काय केलं? एवढाल्या ढेपा लागल्या व्हत्या माझ्या लेकराला. देवीनं दिलेलं बाळसं ह्येंनी उपाशी मारून वाळवलं." मी काही बोलायच्या आत त्या ज्ञानोबाकडे वळल्या. "उचल तिला. मरायचं तं घरी मरंल, खाऊन मरंल."

ज्ञानोबा रडत होता. त्याने आयुष्यात आईचा शब्द मोडला नव्हता. त्याने आरूला उचललं, सलाईनची नळी ताणली गेली, हातातल्या पट्टीखालून रक्ताची रेघ उतरली, आणि पोरीचा घोगरा आवाज फुटला. सासूबाईंनी डबा उघडून शिऱ्याचा मोठा घास तिच्या तोंडात सारला. मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो झटकला. सिस्टर ओरडत धावत आली.

रुक्मी बाहेर नळावर वाटी धुवत होती. ती आत आली. पदराखालचा डावा हात बाहेर आला आणि डबा उडून भिंतीवर आदळला. शिरा भिंतीवरून सावकाश खाली ओघळू लागला. तिने पोरीच्या तोंडात बोट घालून घास ओढून काढला. आणि मग त्याच हाताने तिने ज्ञानोबाच्या मुस्काटात मारली. वॉर्डभर तो आवाज झाला. त्यात सहा महिन्यांचे सगळे धपाटे एकवटले होते, आणि त्यानंतर पंखाच तेवढा ऐकू येत राहिला.

"खाली ठिवा तिला," ती म्हणाली.

त्याने ठेवलं. त्याच्या गालावर चार बोटं लाल होऊन वर येत होती. रुक्मी खाटेशी गुडघ्यावर बसली, पोरीच्या नडगीवर तिने अंगठा रोवला, आणि उचलला. "बघा आत्याबाई. हितं माझी बोटं रुतली व्हती, वर येऊन राहिली नव्हती. आता रुतत न्हाईत." तिचा श्वास लागला होता. "देवळात जोखलं ते लेकरू नव्हतं, पाणी व्हतं. आपून पाण्याच्या भारंभार गूळ वाटला. ही एवढीच हाय माझी आरू. एवढीच उरली. हिला न्यायचं आसंल तं आधी मला मारा."

सासूबाई खाटेशी वाकल्या. त्या नडगीकडे पाहत राहिल्या, पण त्यांनी बोट लावून पाहिलं नाही. संध्याकाळच्या गाडीने त्या एकट्याच परत गेल्या. ज्ञानोबा राहिला, आणि भिंतीवरचा शिरा त्याने ओल्या फडक्याने पुसून काढला.

पुढे एका सकाळी वाटीतलं दूध संपलं आणि आरूने वाटीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग पुन्हा वाटीकडे. एवढ्या महिन्यांत त्या डोळ्यांनी कशाचा पाठलाग केलेला मी पाहिला नव्हता. रुक्मीने रिकामी वाटी उचलली मात्र, पोरीने टाहो फोडला, वाटीला लाथ मारली, आणि काडीसारखा हात उगारून आईच्या गालावर चापट ओढली. सिस्टर हसली, म्हणाली, "भूक लागली हो हिला." रुक्मी गालाला हात लावून माझ्याकडे वळली. "मावशे, मारलं हिनं मला." आणि तेवढं बोलून ती अशी रडली की शेजारच्या खाटेवरच्या बाईने येऊन तिला धरलं.

आरू आता अंगणवाडीत जाते. तिथल्या तक्रारी घरी येतात. हिने याला ढकललं, तिचे केस ओढले. गाल खरे आहेत, दाबले तर लगेच वर येतात. सासूबाई तिला डोळ्यांत तेल घालून जपतात, पण देवीने दिलेलं माप आपण हातचं घालवलं असंच त्यांना अजून वाटतं, आणि सुनेशी त्या कामापुरतंच बोलतात. बाकी सगळं जागच्या जागी आहे. फक्त रुक्मीचा हात गेला.

तसा तो आहे. हळद वेचतो, शेण सावडतो, पोरीची वेणी घालतो. पण ती आता भाकरी थापत नाही, बोटांच्या टोकांनी परातीत हळूहळू फिरवत पसरवते. तुटते कधी, काठ जाड राहतात. अडकलेल्या दाराशी ती उभी राहून दुसऱ्या कुणाला हाक मारते. गेल्या फाल्गुनात मी गेले होते तेव्हा ज्ञानोबा गोठ्याजवळ मला हळूच म्हणाला, "मावशी, घर लई गप झालंय. एखांदी तरी ठिवून द्यावी हिनं." म्हणताना तो हसला, आणि हात त्याचा नकळत गालाकडे गेला. डॉक्टरांचं म्हणणं मी रुक्मीला पुन्हा सांगून पाहिलं, की त्या हाताने काहीच केलं नव्हतं. "व्हय," ती म्हणाली, "ठाव हाय मला." त्याच संध्याकाळी पोरीच्या पायाला तेल लावताना तिने नडगी अंगठ्याने दाबली, उचलली, आणि वाट पाहत बसली.

आरूला यातलं काहीच आठवत नाही आणि तिच्या पायावर कसली खूणही नाही. लेकरांच्या अंगावरचे खळगे काळ असे बेमालूम भरून काढतो, पण भरायला लागणारी माती त्यालाही कुठून तरी उकरूनच आणावी लागत असेल, आणि पहाटे साखऱ्याच्या त्या आळीत जिथे एक आवाज असायचा तिथे मी कान लावते तेव्हा ती कुठून आणली हे मला कळतं.